देवळापुढचा खेळ आणि पदरचे बोल

देवळाचा जीर्णोद्धार झाला म्हणजे त्याची नोंद राहते. पायाभरणी कोणत्या तिथीस झाली, कळस केव्हा चढला, कोणी किती रक्कम अर्पण केली, हे शिलेवर कोरले जाते, जमाखर्चाच्या वहीत राहते आणि स्मरणिकेतही छापले जाते. परंतु त्याच देवळापुढील पटांगणात जत्रेच्या रात्री जो खेळ उभा राहतो, त्यात नटाच्या तोंडून जे बोलणे निघते, त्याची नोंद मात्र कोठेच होत नाही. रात्रभर माणसे पोट धरून हसतात, सकाळी त्यातले दोन बोल पाणवठ्यावर नि पारावर फिरतात आणि आठ दिवसांत तेही विरून जातात. ज्याने ते बोल काढले त्यालाही पुढच्या गावी ते जसेच्या तसे आठवत नाहीत. कारण ते पाठ केलेले नव्हतेच. ते त्याने आयत्या वेळी पदरचे घातलेले असतात.

पदरचे बोलणे म्हणजे तोंडाला येईल ते बोलणे, असा सुशिक्षित मंडळींचा पुष्कळ दिवसांचा समज आहे. तो खरा नाही. कोकणातील दशावतारी नट आणि घाटावरील तमाशाचा सोंगाड्या या दोघांचा इतिहास पाहिला म्हणजे या कलेमागे केवढी तयारी व जोखीम असते ते ध्यानात येते.

प्रथम दशावताराचे पाहू. दक्षिण कोकणात व गोव्यात कार्तिक महिन्यापासून देवस्थानांच्या जत्रा सुरू होतात. कोणत्या देवळाच्या जत्रेस कोणती दशावतारी मंडळी यावयाची हे पुष्कळ ठिकाणी परंपरेने ठरलेले असते. रात्री देवाची पालखी देवळाभोवती फिरून आली की मग खेळास आरंभ. पूर्वी या मंडळींजवळ सामान ते काय, तर एक पेटारा. त्यात गणपतीचा मुखवटा, वेष, मुकुट, शस्त्रे. हा पेटारा डोक्यावर घेऊन मंडळी गावोगाव पायी जात. पेटाऱ्याचीही पूजा होते, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. त्या पेटाऱ्यात आजपर्यंत सर्व काही राहत आले, राहिली नाही ती फक्त नाटकाची वही. कारण दशावतारी नाटकाला लिखित संवाद नसतातच.

हा खेळ कोकणात कोणी आणला याविषयी एकमत नाही. शामजी नाईक काळे यांनी १७२८ साली राजापूर तालुक्यातील आडिवरे येथे तो आणला, असे रंगभूमीच्या इतिहासात सांगितले जाते. कोणी हे श्रेय गोरे नावाच्या गृहस्थांस देतात. मात्र समर्थांच्या दासबोधात दशावतारी खेळाचा व त्यातील पुरुषांनी घेतलेल्या स्त्रीवेषाचा उल्लेख आहे. दासबोध हा सतराव्या शतकातील ग्रंथ. म्हणजे १७२८ च्या आधीपासून महाराष्ट्रात हा खेळ लोकांस ठाऊक होता, हे उघड आहे. काळे यांनी त्यास कोकणात नवीन वळण दिले असावे, एवढेच म्हणता येईल.

खेळाचे दोन भाग. पहिल्या भागात गणपती येतो, रिद्धिसिद्धी येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. मग काळ्या वेषातला संकासूर येतो. तो ब्रह्मदेवाचे वेद पळवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो, इतकी ती कथा. परंतु लोक वाट पाहतात ती कथेची नव्हे, संकासूर आज काय बोलतो याची. इतर देवमंडळी शुद्ध बोलतात, संकासूर मात्र थेट मालवणीत बोलतो. तो समोर बसलेल्यांस नावाने हाक मारतो, गावच्या मानकऱ्यांची टिंगल करतो, रस्त्यावरच्या खड्ड्यांपासून जत्रेतल्या खाजाच्या भावापर्यंत कशावरही बोलतो. राक्षस असल्यामुळे त्याला सर्व माफ. एरवी जे कोणी तोंडावर बोलू धजणार नाही, ते संकासूर देवासमोर बोलून जातो आणि ज्याच्याविषयी बोलला तोही हसतो. न हसून सांगतो कोणाला?

उत्तरार्धात पुराणातील एखादे आख्यान लागते. ते कोणते लागणार हे कित्येकदा त्याच दिवशी ठरते. मंडळीतील जाणता नट किंवा मालक रंगपटात सर्वांस जवळ घेऊन कथा सांगतो. कोण कोणते पात्र करणार, कोणाचा प्रवेश कोणामागे, युद्ध कोठे, पद कोठे, एवढे सांगून झाले की तोंडाला रंग लावावयाचा. बाकी सर्व रंगमंचावर. पुढे पहाटेपर्यंत राजा, राणी, नारद, राक्षस हे सर्व आपापल्या बुद्धीने बोलत राहतात आणि तरीही ते नाटक एकसंध वाटते.

हे साधते कसे? याचे उत्तर नटांच्या उमेदवारीत आहे. मुलगा मंडळीत आला की पहिली काही वर्षे तो सामान वाहतो, रिद्धिसिद्धी होतो, लहानसहान राक्षस होऊन मार खातो आणि रोज रात्री थोरांचे बोलणे ऐकतो. श्रीधर कवींचे हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप हे ग्रंथ कोकणातील घरोघरी वाचले जात. त्यांतील कथा त्याच्या कानावर असतातच, त्या अंगात मुरवाव्या लागतात. एकदा आख्यान मुरले की मग त्या पात्राने कोणत्या प्रसंगी काय बोलावे हे त्यास शोधावे लागत नाही. संसारी माणूस भांडताना शब्द पाठ करून भांडत नाही, परंतु भांडणाचे कारण त्यास पक्के ठाऊक असते, तसेच हे आहे.

समोरचा नट मात्र आपल्याला काय विचारील याचा नेम नसतो. येथे खरी कसोटी. एखादा जुना नट नवख्याला भर सभेत पुराणातील आडवा प्रश्न टाकतो. त्याचे उत्तर आले तर टाळी पडते, न आले तर नवखा घामाघूम होतो. अशा वेळी त्यास वाचविणारा एकच असतो, तो म्हणजे बाजूस हार्मोनियम घेऊन बसलेला गायक. नटाची गाडी अडली असे दिसताच तो पद सुरू करतो, पखवाज व झांज त्यास साथ देतात आणि तेवढ्या अवधीत नट श्वास घेऊन पुढचे जुळवतो. प्रेक्षकांस वाटते, काय वेळेवर पद आले! खेळाला घड्याळही असते. पहाटे दहीकाला व्हावयाचा म्हणजे त्यापूर्वी आख्यान संपले पाहिजे. लवकर आटोपत आले तर दोघांनी वाद वाढवायचा, उशीर होत असेल तर दोन प्रवेश एका वाक्यात गुंडाळायचे. लिहिलेल्या नाटकात ही सोय नाही.

मराठी नाटकाचा आरंभच मुळी अशा न लिहिलेल्या बोलण्याने झाला, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात नसते. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांस तशा प्रकारचा, परंतु अधिक सुधारलेला खेळ करण्यास सांगितले. भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केले. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्याच आठवणीसाठी पाळला जातो. या नाटकांत भावे यांनी रचली ती पदे. पदे सूत्रधार म्हणे आणि त्या पदाच्या आशयास धरून नट आपल्या मनाचे भाषण करीत. राक्षस 'अलल डुर्र' करून प्रवेश करी, विदूषक देवांच्या मध्ये मध्ये तोंड घाली. पुढे १८८५ साली भावे यांचा 'नाट्यकवितासंग्रह' छापून निघाला. त्यात पदे आहेत. नटांची भाषणे कोण छापणार? ती त्या त्या रात्रीबरोबर गेली.

१८६१ साली वि. ज. कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक आले आणि सर्व भाषणे लिहून, पाठ करून बोलण्याची रीत सुरू झाली. त्यांस लोक बुकिश नाटके म्हणत. पुढे संगीत नाटकांचा काळ आला. लिहिलेले ते शुद्ध आणि आयत्या वेळचे ते गावंढळ, अशी समजूत शहरात रूढ झाली. रंगभूमीचे यात नुकसान झाले असे म्हणता येणार नाही, लिखित नाटकाने फार मोठी कामे केली. परंतु न लिहिता बोलणारा नट तेव्हापासून खालच्या पायरीवर बसला तो बसलाच.

आता घाटावरील गोष्ट. तमाशात लिखित भाग असे तो कवनांचा. शाहिरांनी लावण्या, सवाल-जवाब रचून ठेवले. त्यामुळे पठ्ठे बापूरावांसारख्या शाहिराची (मूळ नाव श्रीधर कृष्ण कुलकर्णी, गाव रेठरे हरणाक्ष, १८६६ ते १९४५) रचना आजही गायिली जाते. गण, गौळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग असा तमाशाचा क्रम आहे. वग हा प्रकार त्या मानाने अलीकडील. उमाजी सावळजकर यांचा १८६५ चा 'मोहना बटाव' हा पहिला वग समजला जातो. यांतील गौळणीतला पेंद्या व मावशी, बतावणीतली जोडी आणि वगातला सोंगाड्या ही सगळी माणसे पदरच्या बोलण्यावर जगणारी.

बतावणी म्हणजे दोघांचे गमतीचे संभाषण. त्यातील एक शहाणा व एक अर्धवट. वरवर पाहणाऱ्यास सर्व काम अर्धवट करतो असे वाटते. तमासगिरांस विचाराल तर ते सांगतील, की शहाणा चुकला तर सोंगाड्या मेला. सरदाराने नेमका शब्द नेमक्या जागी ठेवावा लागतो, म्हणजे सोंगाड्यास तो उचलता येतो. सोंगाड्याची मुख्य खोडी अशी, की शब्दाचा रूढ अर्थ टाकून तो सरळ अर्थ धरतो. उदाहरणादाखल असे काहीसे चालते. राजा विचारतो, "प्रधानजी, आपल्या राज्याची हालहवाल काय?" सोंगाड्या म्हणतो, "महाराज, हाल लोकांकडं हायती, हवाल तेवढा माझ्याकडं हाय." राजा म्हणतो, "मग तो सांग." "सांगतो की, पन आधी जेवणाचं बघा. रिकाम्या पोटी नुसतं हालच आठवत्यात." येथे राजाने हसावयाचे नाही. तो हसला की खेळ बसला. त्याने अधिक गंभीर होऊन पुढचा प्रश्न करावयाचा. कित्येक वर्षे एकत्र उभे राहिलेल्या जोडीला एकमेकांच्या नुसत्या मान हलविण्यावरून पुढील बोलणे कळते.

वग राजामहाराजांचा असला तरी सोंगाड्या त्यात एस.टी., रेशन, ग्रामपंचायतीची निवडणूक, कर्जवसुली खुशाल आणतो. गावात पोहोचल्यावर तो चहाच्या टपरीवर बसून कानोसा घेतो. यंदा पाऊस कसा झाला, सोसायटीत काय चालले आहे, कोणाच्या विहिरीवरून वाद आहे, हे त्यास संध्याकाळपर्यंत ठाऊक होते. रात्री राजाच्या दरबारात त्यातलेच काही निघाले की लोक चकित होतात. अर्थात मर्यादाही पाळावी लागते. कोणाच्या घरातील दुःखावर, मयतावर बोलावयाचे नाही. एखादा बोल जिव्हारी लागला तर फडाची सुपारी पुढल्या वर्षी जातेच, प्रसंगी मारही बसतो. खेळ चालू असता वीज जाते, कुत्रे शिरते, मूल रडते, मागचा पडदा कोसळतो. पाठ केलेल्या नटाची अशा वेळी त्रेधा होते. सोंगाड्याला मात्र अडचण हीच शिदोरी. वीज गेली तर तो अंधारातच राजाला विचारील, की वीजबिल खजिन्यातून भरले होते का राणीच्या बांगड्यांत गेले?

या ठिकाणी एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती सुखाची नाही. तमाशाची कला मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी या समाजांतील माणसांनी जगविली. गावच्या यात्रेत दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे तमाशाच्या हजेऱ्या होतात. फडाने देवास हजेरी द्यावी ही रीत जुनी. परंतु ज्या काळी हजेरी देणारा कलावंत देवळाची पायरी चढू शकत नव्हता, त्या काळीही त्याची हजेरी गावाला हवी असे. त्याचा गण देवास चाले, त्याचे बोल गावास चालत, तो स्वतः मात्र पटांगणातच. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले आणि त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. सोंगाड्याच्या विनोदास जी धार दिसते ती कोठून आली हे समजण्यासाठी हे ध्यानात ठेवावे लागते. संकासुरास राक्षस म्हणून सर्व माफ, तसे सोंगाड्यास वेडा म्हणून माफ. उघड बोलण्याची दुसरी वाट त्यास नव्हती.

सत्यशोधक चळवळीने हे ओळखले. तिच्या जलशांनी तमाशाचाच साचा घेतला आणि बतावणीत अंधश्रद्धा व लुबाडणूक यांवर प्रहार केले. पुढे भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभे केले. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने गिरणगावात हीच रीत नेली.

स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. अश्लीलता हे कारण. काही फडांत अश्लील बोलणे होत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु बंदीमुळे ज्यांच्या चुली विझल्या त्यांत चांगले कलावंतही होते. तमासगिरांनी गाऱ्हाणी मांडली, बंदी उठली. परंतु अट अशी आली, की वग लिहून काढावा, तो परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यावा आणि मग प्रयोगाचा परवाना मिळावा. १९६० च्या परवान्याच्या नियमावलीच्या नावातच मेळे व तमाशे यांचा उल्लेख आहे.

कचेरीच्या दृष्टीने पाहता नियमात वावगे काही नाही. सार्वजनिक ठिकाणी काय बोलले जाणार हे आधी कळावे, एवढीच अपेक्षा. परंतु अडचण निराळीच होती. ज्या माणसास पुष्कळदा अक्षरओळखही नाही, आणि आपण रात्री काय बोलणार हे ज्याचे त्यालाच ठाऊक नाही, त्याने ते आधी लिहून द्यावे कसे? मग कोणा लिहिणाऱ्यास गाठून वगाचे कथानक व मोघम संवाद कागदावर उतरवून घेतले जात. कागद मंजूर होई. रात्री खेळ कागदातील कथेचाच होई, पण बोलणे कागदाबाहेरचे असे. कारण बोलणे कागदातलेच ठेवले असते तर लोक उठून गेले असते. अशा रीतीने एकाच वगाची दोन रूपे झाली, एक दप्तरी आणि एक पटांगणातले. दप्तरी रूपावर शिक्का आहे. पटांगणातले रूप त्याहून खरे होते, पण त्याची प्रत कोठेही मिळावयाची नाही.

पटांगणातल्या रूपाचे थोर उदाहरण म्हणजे दादू इंदुरीकर. मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाड्याजवळचे इंदुरी हे त्यांचे गाव. हरिभाऊ वडगावकर यांनी रचलेला 'गाढवाचं लग्न' हा वग त्यांनी गाजविला. शापाने गाढव झालेला गंधर्व, त्यास पाळणारा सावळा कुंभार आणि त्याची बायको गंगी अशी ही कथा. दादू सावळ्या कुंभार होत आणि प्रभा शिवणेकर गंगी. सावळ्या आणि गंगी यांच्या भांडणाचा प्रवेश पाहण्यासाठी माणसे पुन्हा पुन्हा येत. गोष्ट सर्वांस पाठ, गाढवाचे पुढे काय होणार हे लहान पोरासही ठाऊक. तरी येत, कारण भांडण दर वेळी नवे. संगीत नाटक अकादमीने १९७३ साली दादूंचा सन्मान केला. दिल्लीच्या दरबारी सोंगाड्याचे नाव लागले, ही लहान गोष्ट नव्हे. १९८० साली ते वारले. त्यांच्यामागे तो वग इतर नटांनी केला, २००७ साली त्यावर चित्रपटही निघाला. कथा तीच, पण सावळ्या प्रत्येकाचा वेगळा. तो वेगळाच असावयास हवा, एरवी ती नक्कल होईल.

सांगली जिल्ह्यातील कवलापूरच्या काळू-बाळूंची तऱ्हा आणखी न्यारी. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. 'जहरी प्याला' या वगात ते काळू व बाळू नावाचे हवालदार झाले आणि लोकांनी त्यांची खरी नावे विसरून टाकली. दोघे दिसण्यात सारखे. त्यामुळे कोणी बोलावयाच्या आधीच पटांगण हसू लागे. परंतु दिसण्यावर एक रात्र निभते, हयात निभत नाही. एकाने अर्धे वाक्य टाकावे आणि दुसऱ्याने ते भलतीकडेच नेऊन पुरे करावे, हे ते सहज करीत. काळू म्हणजे लहू खाडे २०११ साली निवर्तले. जोडी फुटल्यावर उरलेल्याने एकट्याने काय बोलावे? सोंगाड्याचे अर्धे भांडवल समोरच्या माणसात असते.

शहरातील प्रेक्षकांस या कलेची गोडी लागली ती लोकनाट्यांमुळे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेले निळू फुले पुण्यात माळीकाम करीत. शंकर पाटील यांच्या 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने ते नावारूपास आले आणि तेथून चित्रपटात गेले. दादा कोंडके हे मुंबईच्या गिरणगावातले. वसंत सबनीस यांनी 'विच्छा माझी पुरी करा' लिहिले, १९६५ साली ते रंगमंचावर आले आणि दादांनी त्याचे दीड हजारांवर प्रयोग केले. सबनीस हे लेखणीचे पक्के. त्यांचे लिखाण विनोदी आहेच. परंतु दादा त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी संध्याकाळी नाटकात घालीत. पुढाऱ्याचे भाषण, भाववाढ, सामन्याचा निकाल, पहिल्या रांगेत उशिरा येऊन बसलेला पाहुणा, काहीही चाले. छापील पुस्तक वाचणाऱ्यास प्रयोगाचा निम्माही आनंद मिळत नाही तो यामुळे. आशा भोसले यांनी तो प्रयोग पाहिला आणि भालजी पेंढारकरांस दादांचे नाव सुचविले, त्यातून १९६९ चा 'तांबडी माती' मिळाला. पुढे १९७१ साली दादांनी काढलेल्या चित्रपटाचे नावच 'सोंगाड्या'.

येथे लेखक मोठा की नट मोठा, हा वाद पुष्कळ झाला. तो व्यर्थ आहे. सबनिसांनी नटाला मोकळी जागा ठेवली, दादांनी ती भरली. जागाच नसती तर भरणार काय, आणि भरणारा नसता तर जागा रिकामी दिसली असती. दशावतारात तरी कथा सांगणारा मालक आणि बोलणारा नट यांचे याहून निराळे नाते कोठे आहे?

अलीकडे या कलावंतांपुढे नवे प्रश्न आले आहेत. २०२० व २०२१ या दोन वर्षांत साथीमुळे यात्रा-जत्रा बंद पडल्या. नारायणगावी गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यावयास येतात, तो बाजारच त्या काळात भरला नाही. कित्येक कलावंतांनी मोलमजुरी केली. दुसरा प्रश्न मोबाईलचा. पूर्वी एका गावी रंगलेली बतावणी चार कोसांवरच्या गावी नवी असे. आता खेळ चालू असतानाच चित्रण होते आणि फड पोहोचण्याआधी त्याचे बोल पोहोचतात. नट बोलला काय आणि पाठविणाऱ्याने त्यातला तुकडा तोडला काय, याचाही भरवसा नाही. समोरच्या दोनशे माणसांत थट्टा म्हणून खपणारे वाक्य तुटक रूपात परक्या गावी भांडणाचे कारण होऊ शकते. याची दुसरी बाजूही आहे. ज्या बोलण्याची आजवर कोणी नोंद केली नाही, ते निदान काही प्रमाणात आता राहील. नेरूरच्या कलेश्वर मंडळीचे सुधीर कलिंगण २०२२ साली गेले, तेव्हा कोकणातील माणसांनी त्यांची जुनी चित्रणे काढून पुन्हा पाहिली. दादू इंदुरीकरांच्या पिढीतल्या बहुतेकांच्या वाट्यास हे आले नाही.

तरीही जत्रेच्या रात्री पटांगणात बसून ऐकणे ते ऐकणेच. पालखी आत गेली, हार्मोनियमचा सूर लागला, रंगपटात मालकाने कथा सांगून संपवली. कोण काय बोलणार हे अद्याप कोणासही ठाऊक नाही, बोलणाऱ्यासही नाही. पहाटे दहीहंडी फुटते, काल्याचा प्रसाद वाटला जातो, नट तोंडावरचा रंग पुसून चहा घेतात. मुकुट, शस्त्रे, लुगडी पेटाऱ्यात जातात. पुढच्या गावची गाडी बाहेर उभी असते आणि रात्री अडखळलेला नवखा पोरगा पेटाऱ्याचे एक टोक उचलताना शेजारच्या जुन्या नटास विचारीत असतो, की त्या प्रश्नाला उत्तर काय द्यायला पाहिजे होते.